लॅक्स्टन : इंग्लंडमधील एका लहान गावाचे खुले शिवार

शिवारवाचक (धागालेखक)

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूआर्क शहराच्या वायव्येला आणि ऑलर्टनच्या पूर्वेला, लॅक्स्टन नावाचे एक लहान गाव आहे. लाल विटांची, कौलारू छपरांची शेतकऱ्यांची घरे, मधोमध सेंट मायकेलचे चर्च, एक पब आणि उत्तरेला नॉर्मन काळातील मातीच्या किल्ल्याचा उंचवटा एवढेच वरवर पाहणाऱ्याला दिसते. तरीही मध्ययुगीन युरोपची शेती कशी चालत असे हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला या गावाला वगळून पुढे जाता येत नाही. एकेकाळी इंग्लंडच्या फार मोठ्या भागात रूढ असलेली खुल्या शिवाराची पद्धत, तिचे नियम आणि ते नियम पाळायला लावणारी गावसभा, हे तिन्ही आजही एकत्र नांदते असे हे तिथले एकच गाव आहे.

ही पद्धत थोडक्यात अशी. गावाची लागवडीची जमीन तीन मोठ्या क्षेत्रांत विभागलेली असते. लॅक्स्टनमध्ये त्यांची नावे वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी आहेत. या क्षेत्रांच्या आत कुंपण नाही, झाडांची ओळ नाही, उंच बांधही नाही. प्रत्येक क्षेत्र लांबट पट्ट्यांत वाटलेले असते आणि एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही क्षेत्रांत विखुरलेले असतात. एका क्षेत्रात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले जव, घेवडा किंवा वाटाणा आणि तिसरे क्षेत्र पड, असा क्रम असतो व तो दरवर्षी एक घर पुढे सरकतो. आपल्या पट्ट्यात काय पेरायचे हे एकट्या शेतकऱ्याने ठरवायचे नसते, कारण पीक निघाल्यावर पूर्वी शेतात उरलेल्या धसकटांवर आणि पड क्षेत्रावर सगळ्या गावाची गुरे-मेंढरे चरत असत. एकाने वेगळे पीक उशिरापर्यंत उभे ठेवले, तर साऱ्या गावाची चराई अडत असे.

या सगळ्यामागे तिथला भूगोल आहे. लॅक्स्टनचे शिवार जड, लालसर चिकणमातीचे आहे. पावसात ती घट्ट धरते आणि वाळली की दगडासारखी होते. अशा जमिनीत जड नांगर आणि बैलांच्या अनेक जोड्या लागत आणि एवढे लांब औत वारंवार वळवणे अवघड असल्यामुळे तास जितके लांब तितके बरे. पट्टे लांबट होण्याचे मुख्य कारण हेच आहे. पट्टे विखुरलेले ठेवण्यामागेही व्यवहार होता. चढावरची निचऱ्याची जमीन, उतारावरची मध्यम जमीन आणि ओढ्याकाठची पाणथळ जमीन यांतले थोडे थोडे प्रत्येकाच्या वाट्याला येई, त्यामुळे अतिवृष्टीच्या किंवा कोरड्या वर्षी एकाच घराचे सगळे पीक बुडत नसे. जे सखल, ओलसर पट्टे नांगरण्याजोगे नव्हते, ते गवतासाठी राखून ठेवले गेले. त्यांना तिथे साइक म्हणतात. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे आज या साइकांत जुन्या कुरणांतली रानफुले टिकून आहेत आणि त्यांना सरकारी निसर्गसंरक्षणही मिळालेले आहे.

गावाच्या रचनेतही हीच पद्धत वाचता येते. लॅक्स्टनमधील जुनी शेतघरे शेतात नाहीत, ती गावाच्या रस्त्यालगत ओळीने उभी आहेत. अनेक घरांच्या आणि कोठारांच्या भिंतींची अरुंद बाजू रस्त्याकडे आहे आणि मागे लांबच लांब परडे पसरलेले आहे. ज्याचे पट्टे तिन्ही दिशांना विखुरलेले आहेत, त्याने एखाद्या क्षेत्रात जाऊन घर बांधण्यात अर्थ नसतो. त्याच्यासाठी गावाचा मध्यच सोयीचा. इंग्लंडमधील इतर गावांत जमिनींना कुंपणे पडल्यावर अनेक शेतकरी आपापल्या सलग जमिनीत घर बांधून राहायला गेले आणि आज तिथल्या ग्रामीण भागात सुटी सुटी शेतघरे दिसतात. लॅक्स्टनमध्ये ते त्या प्रमाणात घडले नाही.

१०८६ च्या डूम्सडे नोंदणीत, म्हणजे नॉर्मन राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदणीत, हे गाव जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराकडे असल्याची नोंद आहे. पुढे इथला किल्ला शेरवुडच्या राजवनाच्या रक्षकांचे ठाणे झाला आणि ते रक्षकपद पुढे एव्हरिंगहॅम घराण्याकडे वंशपरंपरेने चालले. किल्ल्याच्या लाकडी-दगडी बांधकामापैकी आता काही उरलेले नाही. पण मातीचा उंच ढिगारा आणि त्याभोवतीचे खंदक नॉटिंगहॅमशायरमधील त्या प्रकारच्या अवशेषांत सर्वांत ठळक आहेत. मला मात्र या किल्ल्यापेक्षा गावाच्या शिवाराचे महत्त्व अधिक वाटते, म्हणून हा धागा त्याच्याविषयीच आहे.

भूमापन

उत्तम विषय. लॅक्स्टनचा उल्लेख करताना १६३५ च्या नकाशाला वगळून चालणार नाही, म्हणून त्याबद्दल लिहितो. मार्क पीअर्स या मोजणीदाराने त्या वर्षी संपूर्ण गावाची मोजणी करून मोठा नकाशा काढला आणि सोबत प्रत्येक पट्टा कोणाचा, किती क्षेत्राचा आणि कोणत्या ठिकाणी याची खतावणी केली. मूळ नकाशा आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मोजणीच्या कामाची ज्यांना थोडी ओळख आहे त्यांना हे काम किती चिकाटीचे होते हे लगेच जाणवेल, कारण कुंपण नसलेल्या शिवारात हजारो लहान पट्ट्यांच्या हद्दी केवळ साखळी टाकून आणि गावकऱ्यांच्या साक्षीने ठरवायच्या होत्या.

त्या नकाशावर पट्ट्यांबरोबर माणसेही रेखाटलेली आहेत. नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीला निघालेले लोक आणि चरणारी जनावरे त्यात दिसतात. मोजणीच्या कागदावर शेतीचे सगळे वर्ष असे एकत्र पाहायला मिळणे दुर्मीळ आहे. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, नकाशावरचे अनेक रस्ते, परड्यांच्या हद्दी आणि साइक आज जमिनीवर जाऊन ओळखता येतात. पट्ट्यांची संख्या मात्र पुष्कळ घटली आहे, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी तेव्हाचे जमीनदार अर्ल मॅन्व्हर्स यांच्या कारकिर्दीत लहान लहान पट्टे जोडून मोठे केले गेले. १६३५ चा पट्टा आणि आजचा पट्टा एकच आहेत असे समजू नये, एवढीच सूचना.

कृष्णाकाठ

दोघांचेही लेखन आवडले. एक शंका आहे. आपल्याकडे जमिनीचे तुकडे होणे ही शेतीची मोठी अडचण मानली गेली आणि १९४७ मध्ये मुंबई प्रांताने तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला. मग इंग्लंडमध्ये हेच तुकडे जपण्याचा खटाटोप का? तिथल्या शेतकऱ्यालाही दूरच्या पट्ट्यांकडे जाण्यात वेळ आणि श्रम घालवावे लागत असतीलच.

शिवारवाचक (धागालेखक)

कृष्णाकाठ, आपली शंका रास्त आहे. दिसायला दोन्हीकडे तुकडेच असले तरी त्यांची मुळे वेगळी आहेत. आपल्याकडे वाटणीमुळे जमीन विभागली जात गेली आणि प्रत्येक वारसाने आपल्या तुकड्यावर स्वतःच्या मर्जीने पीक घेतले. लॅक्स्टनमध्ये तुकडे हे सामाईक पीकक्रमाचे अंग होते, आणि तो क्रम मोडला की तुकड्यांना अर्थ उरत नाही. आपण म्हणता तशा येण्या-जाण्याच्या अडचणीमुळेच तर तिथल्या बहुतेक गावांनी ही पद्धत सोडली.

तिथे ती सोडण्याची रीत मात्र कठोर होती. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडच्या संसदेने कुंपणबंदीचे, म्हणजे खुली जमीन कुंपणे घालून बंदिस्त करण्याचे, पाच हजारांहून अधिक कायदे केले आणि त्यांत सुमारे ६८ लाख एकर जमीन आली. हे क्षेत्र इंग्लंडच्या एकूण क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक भरते. मोठ्या जमीनदाराला सलग जमीन मिळाली, तिला काट्यांची कुंपणे लागली आणि उत्पन्न वाढले. ज्या मजुराची एखादी गाय किंवा चार मेंढ्या गायरानावर जगत होत्या, त्याच्या हातात बहुतेक वेळा काहीच आले नाही, कारण त्याचा चराईचा हक्क रूढीवर चालत होता आणि कागदावर तो सिद्ध करता येत नव्हता. या दुसऱ्या बाजूची मला मनापासून चीड आहे. उत्पादन वाढले हे खरे असले, तरी त्याची किंमत कोणी मोजली हे सांगितल्याशिवाय तो हिशेब पूर्ण होत नाही.

नांगरट

मग लॅक्स्टनच का वाचले? तिथले जमीनदार विशेष दयाळू होते, की गावकऱ्यांनी लढा दिला?

शिवारवाचक (धागालेखक)

माझ्या मते दोन्ही नाही. अठराव्या शतकात लॅक्स्टनमध्येही काही भागाला कुंपणे पडली, आणि आज गावाच्या हद्दीतील बहुतांश जमीन कुंपणाआडचीच आहे. खुले शिवार पाचशे एकरांच्या आत उरले आहे. उरलेल्या क्षेत्राची कुंपणबंदी रखडली, कारण गावात दोन मोठे मालक होते. एकीकडे पिअरपॉन्ट घराणे, म्हणजे किंग्स्टनचे ड्यूक आणि त्यांच्यानंतर अर्ल मॅन्व्हर्स. दुसरीकडे स्कारबरोचे अर्ल. दोघांचे पट्टे एकमेकांत इतके गुंतलेले होते की, अदलाबदल केल्याशिवाय कोणालाच सलग जमीन मिळणार नव्हती आणि त्या अदलाबदलीवर त्यांचे लवकर जमले नाही. पुढे १८७० च्या दशकापासून अमेरिकेतील स्वस्त धान्य येऊ लागल्यावर इंग्लंडमधील गव्हाचे भाव कोसळले. अशा वेळी जड मातीच्या गावात कुंपणे, चर आणि नवी शेतघरे यांवर खर्च करण्याचा उत्साह कोणत्याही जमीनदाराला राहणे कठीण होते. म्हणजे आधी मालकांचे जमले नाही आणि नंतर पैसा परवडला नाही. लॅक्स्टन वाचण्याचा आरंभ इतका साधा आहे.

पद्धत राहिली ती अशी. पण ती जिवंत राहिली ती गावाच्या न्यायसभेमुळे. तिला कोर्ट लीट म्हणतात. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरीचा दिवस असतो. शेतकऱ्यांमधून निवडलेले पंच, त्यांचा एक प्रमुख आणि बेलिफ हा सभेचा अंमलदार त्या वर्षी हिवाळी गहू पेरलेल्या क्षेत्रात जातात. कोणी रस्त्यात किंवा साइकात नांगर घुसवला का, कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात तास ओढला का, चर उपसले आहेत का, हे पायी फिरून पाहिले जाते. हद्द चुकलेली आढळली तर तिथे लाकडी खुंट ठोकला जातो. दोषी ठरलेल्याला दंड ठरवला जातो आणि पुढच्या आठवड्यात पबमध्ये भरणाऱ्या सभेत त्या दंडाची नोंद होते. मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, मालकाच्या वतीने त्याचा कारभारी म्हणजे स्टुअर्ड अध्यक्षस्थानी असतो, दंडावर कोणाला तक्रार असल्यास ती तिथेच ऐकली जाते आणि पुढच्या वर्षीच्या पंचांना शपथ दिली जाते.

दंडाची रक्कम किरकोळ असते. तरीही सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत आपला नांगर चार वीत पुढे गेल्याचे सांगितले जाणे शेतकऱ्याला कमी बोचत नाही, आणि ही व्यवस्था त्या बोचण्यावरच चालते.

काळीभोर

या सभेला आज कायद्याचा आधार आहे का, की तो केवळ परंपरेचा सोहळा आहे?

भूमापन

आधार आहे. इंग्लंडमध्ये अशा जुन्या मॅनर न्यायसभा पुष्कळ होत्या आणि त्यांपैकी काही आजही समारंभापुरत्या भरतात. १९७७ च्या न्यायप्रशासन कायद्याने त्यांचे न्यायदानाचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनच्या सभेला त्यातून वगळले, कारण ती खरोखर शेतीचे व्यवस्थापन करत होती. एका लहान गावासाठी संसदेने असा अपवाद करावा, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

पबशेजारी जुना कोंडवाडाही आहे. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली मोकाट गुरे तिथे कोंडली जात आणि मालकाला दंड भरून सोडवून न्यावी लागत. कोंडवाड्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असे. आपल्या गावांतही ही व्यवस्था होती, त्यामुळे मराठी वाचकाला ती परकी वाटू नये.

अर्थविचार

चर्चा वाचून एका वादाची आठवण होते. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने असे मांडले की, कुरण सर्वांना खुले असेल तर प्रत्येक गुराखी आपल्या लाभासाठी आणखी एक जनावर सोडतो आणि शेवटी कुरण उजाड होते. लॅक्स्टन पाहिल्यावर त्या मांडणीतील उणीव उघड होते. इथले शिवार खुले होते; पण बेवारस नव्हते. कोणी किती जनावरे, केव्हा आणि कुठे सोडायची याला हिशेब होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते सामाईक साधनांच्या अशाच स्थानिक व्यवस्थांवरील कामासाठी. वापरणाऱ्यांनीच नियम करावेत, त्यांनीच देखरेख ठेवावी आणि दंड चुकीच्या प्रमाणात असावा, या त्यांनी नोंदवलेल्या गोष्टी ज्युरीच्या दिवसाशी तंतोतंत जुळतात.

नांगरट

अर्थविचार, आपले म्हणणे बरोबर आहे, पण त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. ही व्यवस्था समतेची होती असे चित्र उभे राहू नये. जमीन शेतकऱ्यांची नव्हती, ते जमीनदाराचे कुळ होते. चराईचे हक्क ठरावीक घरांशी बांधलेले होते आणि ज्याला तसे घर नव्हते त्याचा वाटा अगदी थोडा होता किंवा मुळीच नव्हता. नियम टिकले ते काही अंशी जमीनदाराचा स्टुअर्ड त्यांच्यामागे उभा होता म्हणून. स्वयंशासन होते, परंतु ते मालकाच्या छत्राखाली होते.

अर्थविचार

हे मान्य आहे. तरीही स्टुअर्ड वर्षातून एकदा येतो आणि शेजारी रोज दिसतो. देखरेखीचे खरे काम शेजाऱ्यांनीच केले, एवढा माझा आग्रह आहे.

दर्यावर्दी

या गावाचा आपल्या किनाऱ्याशी एक खरा संबंध आहे, म्हणून लिहितो. १६३५ चा नकाशा काढवून घेणारा तेव्हाचा मालक म्हणजे लंडनचा धनाढ्य व्यापारी सर विल्यम कोर्टीन. त्याच वर्षाच्या अखेरीस पहिल्या चार्ल्स राजाने त्याच्या मंडळाला पूर्वेकडील व्यापाराचा परवाना दिला आणि ईस्ट इंडिया कंपनीला घरातूनच प्रतिस्पर्धी उभा राहिला. कॅप्टन जॉन वेडेल याच्या नेतृत्वाखाली त्यांची जहाजे १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली. मंडळाने पुढे भटकळ आणि कारवार इथे व्यापार सुरू केला. कोर्टीन स्वतः १६३६ मध्येच वारला, मंडळ पुढे डबघाईला आले आणि लॅक्स्टनही त्या घराण्याच्या हातून पिअरपॉन्टांकडे गेले. ज्या पैशातून कोकण-कानडा किनाऱ्यावर जहाजे आली, त्याच पैशातून एका इंग्रज गावाची पट्ट्यापट्ट्याची मोजणी झाली, हे लक्षात घेतले की तो नकाशा निव्वळ शेतीचा कागद राहत नाही. नव्या मालकाला आपल्या संपत्तीचे मोजमाप हवे होते.

कृष्णाकाठ

ही माहिती नवीन आहे, आभार. धागालेखकांना आणखी एक विचारतो. आज ही शेती कोणाच्या मालकीची आहे आणि ट्रॅक्टरच्या काळात ती चालते कशी?

शिवारवाचक (धागालेखक)

दर्यावर्दी, फार मोलाची भर घातलीत.

मालकीचा क्रम असा आहे. सहाव्या अर्ल मॅन्व्हर्स यांनी १९५२ मध्ये हे गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकले आणि त्यामागे खुली शिवारे राखली जावीत असा उद्देश होता. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे ब्रिटिश राजपदाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे, गेले. अलीकडे, २०२० मध्ये, ते पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅन्व्हर्स घराण्याच्या जुन्या जहागिरीकडे परत आले. प्रत्येक हस्तांतराच्या वेळी नवा मालक ही पद्धत चालू ठेवील का याची चिंता होती आणि आजवर ती चालू राहिली आहे.

व्यवहारात बदल पुष्कळ झाले. बैल गेले, घोडे गेले आणि मोठ्या यंत्रांना वळायला जागा हवी म्हणून मोठे पट्टेच परवडतात. तिसऱ्या वर्षी जमीन पूर्वीसारखी उघडी पड न ठेवता तिच्यात बहुधा चारा घेतला जातो. सामाईक चराई आता नावापुरतीच आहे. साइकांतील गवत कापण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जातो. शेतकऱ्यांची संख्या घटली आहे आणि प्रत्येकाकडे खुल्या शिवाराखेरीज कुंपणाआडची जमीनही आहे, कारण केवळ पट्ट्यांवर आज कोणाचेही घर चालणार नाही.

याच कारणाने मला तिथल्या तरुण कुळांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डेव्हनमधील ब्रॉन्टन इथे आणि लिंकनशायरच्या आयल ऑफ ॲक्सहोम भागात जुने पट्टे अजून दिसतात, पण तिथे सामाईक पीकक्रम आणि तो राखणारी न्यायसभा उरलेली नाही. लॅक्स्टनमध्ये ती उरली आहे, कारण नोव्हेंबरात चिखलात उतरून खुंट ठोकायला पुरेसे शेतकरी अजून आहेत. एखादे शेत रिकामे झाले की ते कुळालाच द्यायचे, की शेजारच्या मोठ्या शेतात मिळवायचे, हा निर्णय इस्टेटच्या कार्यालयात होतो. पंच व्हायला माणसे उरली नाहीत, तर १९७७ च्या कायद्यातील तो अपवादही कागदावरच राहील.

भूमापन

या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. लॅक्स्टनला जाणाऱ्यांनी नकाशाची प्रत सोबत ठेवावी आणि चर्चपासून निघून मिल फील्डच्या चढापर्यंत चालत जावे. पूर्वी त्या चढावर पवनचक्की होती, क्षेत्राचे नाव त्यावरून पडले. तिथून उतारांची दिशा, साइकांच्या हिरव्या रेषा आणि पट्ट्यांचा कल एकाच वेळी नजरेत येतो आणि पट्टे नेमके त्याच दिशेने का नांगरले गेले हे निचऱ्यावरून कळते. चालताना मळलेली वाट सोडू नये, कारण दोन्ही बाजूंना उभे पीक असते.